मिरजेची पोरगी आणि बर्फावरची हॉकी: करिअर होतं का?

मिरजेच्या एका वडिलांनी विचारलंय. मुलगी १३ वर्षांची, आठवीत. सहा वर्षं इनलाइनवर, म्हणजे एका ओळीत चाकं असलेल्या स्केटवर, स्पीड स्केटिंग करते, राज्यस्तरावर दोनदा खेळली. २०२५ मध्ये आपल्या महिला आइस हॉकी संघाला कांस्यपदक मिळालं, त्याचा व्हिडिओ तिनं पाहिला आणि तेव्हापासून घरात एकच घोषा: मला भारताकडून आइस हॉकी खेळायचीय. वडिलांचा प्रश्न असा: "यात करिअर होतं का? सांगलीत बसून सुरुवात तरी कशी करायची? की वेळेत डोक्यातून काढायला लावू?"

मी बावीस वर्षं सांगलीत पोरांना स्केटिंग शिकवतेय. आधी रोलर हॉकी खेळले, मग शिकवली. माझ्या हाताखालच्या काही मुली लेहला बर्फावर जाऊन आल्या, त्यांच्याबरोबर मीही चारदा थंडीत कुडकुडून आले. तेवढ्या अनुभवावर लिहितेय.

पहिलं उत्तर पैशाचं, कारण "करिअर" म्हणताना आपण बहुतेकदा पगारच विचारत असतो. भारतात आइस हॉकी खेळून घर चालत नाही. मुलींचंही नाही, मुलांचंही नाही. सैन्यदलात किंवा आयटीबीपी (भारत-तिबेट सीमा पोलीस) सारख्या दलात नोकरी लागली आणि तिथल्या संघातून खेळता आलं तर पगार सुरू राहतो, पण तो नोकरीचा असतो, खेळाचा नव्हे. हे आत्ताच पचवा.

आता जगाकडे बघा, म्हणजे आपली पोरगी नेमक्या कुठल्या रांगेत उभी राहतेय ते कळेल. महिलांची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा १९९० साली कॅनडात ओटावाला झाली. यजमान कॅनडाच्या मुलींना गुलाबी जर्सी घालून खेळवलं होतं, लोकांनी बघायला यावं म्हणून. ऑलिंपिकमध्ये हा खेळ १९९८ साली नागानोला आला आणि तिथं अमेरिकेनं कॅनडाला ३-१ नं हरवलं. कॅनडाची हेली विकेनहायझर हे या खेळातलं सगळ्यात मोठं नाव. पंधराव्या वर्षी राष्ट्रीय संघात आली, चार ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकली, एक रौप्य. सिडनीला २००० साली सॉफ्टबॉलही खेळली. फिनलंडमध्ये पुरुषांच्या व्यावसायिक लीगमध्ये उतरून गोल केला. एवढं करून २०१७ मध्ये निवृत्त झाली, पुढं डॉक्टर झाली आणि टोरोंटोच्या पुरुष संघाच्या व्यवस्थापनातही गेली. कॅनडाचीच मेगन अगोस्टा ही ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेली खेळाडू व्हँकुव्हर पोलिसात आहे. ड्युटीतून रजा काढून ती २०१८ चं ऑलिंपिक खेळली. आपल्याकडे पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर पळणाऱ्या मुलींना हे सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात.

म्हणजे जगातल्या सर्वोत्तम मुलींनीसुद्धा कालपरवापर्यंत पोट दुसऱ्याच कामावर भरलंय. कॅनडाची महिला लीग २०१९ मध्ये पैशाअभावी बंदच पडली. अमेरिकेच्या संघानं २०१७ मध्ये स्वतःच्याच देशातल्या जागतिक स्पर्धेवर बहिष्काराची धमकी दिली, तेव्हा कुठं मानधन वाढलं. आत्ता जी व्यावसायिक लीग चालू आहे ती १ जानेवारी २०२४ ला सुरू झाली, सहा संघांनी. पहिल्या हंगामात किमान पगार वर्षाला ३५ हजार डॉलर होता. आपल्या हिशेबानं तीस लाखांच्या आसपास, ऐकायला भारी वाटतं. पण बोस्टन किंवा न्यूयॉर्कात राहून खाऊन त्यातलं किती उरतं ते तिकडं नातेवाईक असतील त्यांना विचारा. आणि त्या लीगमध्ये जायला चौथ्या-पाचव्या वर्षापासून बर्फावर असावं लागतं. तुमच्या लेकीसाठी तो रस्ता नाही. उगाच आशा लावत नाही.

तिच्यापुढचा रस्ता भारतीय संघाचा आहे, आणि त्याची गोष्ट मला जास्त आवडते.

आपला महिला संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला तो मार्च २०१६ मध्ये, तैपेईला. तिथं हार खाल्ली. पुढच्या वर्षी बँकॉकला फिलिपिन्सला ४-३ नं हरवलं, तो पहिला विजय. प्रवासाचे पैसे लोकवर्गणीतून उभे केले होते. यावरून आपल्याला दुसरं कोण आठवणार? कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा. १९५२ ला हेलसिंकीला जाताना त्यांच्यासाठी गावोगाव वर्गणी फिरली होती आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण टाकलं होतं. सत्तर वर्षांत खेळ बदलले, कागद बदलले, झोळी तीच.

संघातल्या बहुतेक मुली लडाखच्या, काही हिमाचलातल्या स्पितीच्या. हिवाळ्यात दोनेक महिने मैदानावर रात्री पाणी मारून बर्फ जमवायचा, त्यावर खेळायचं, फेब्रुवारी सरला की संपलं. विकेनहायझर २०१८ मध्ये लडाखला या मुलींना शिकवायला आली होती आणि त्याच वर्षी यांना कॅनडात कॅल्गरीला तिच्या महोत्सवात खेळायला बोलावलं. मग २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनला महिलांच्या आशिया चषकात आपलं कांस्य. तुमच्या लेकीनं पाहिला तो व्हिडिओ त्याचाच.

आता गंमत बघा. त्या स्पर्धेचं सुवर्ण कुणी नेलं? फिलिपिन्सनं. ज्यांना आपण २०१७ मध्ये हरवलं होतं त्यांनी. त्यांच्याकडं ना हिमालय, ना थंडी. घामाच्या धारा लागणारा देश. पण मनिलात मॉलमध्ये बर्फाचे रिंक, म्हणजे स्केटिंगची बंदिस्त मैदानं, आहेत, नव्वदच्या दशकापासून. पोरं शाळा सुटल्यावर बाराही महिने बर्फावर. आपल्याकडं डेहराडूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी चांगला मोठा बंदिस्त रिंक बांधला आणि मग वर्षानुवर्षं कुलूप लावून ठेवला. २०२५ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. लेहला आता कृत्रिम बर्फाचं मैदान आहे, गुरुग्रामला मॉलमधला एक छोटा रिंक आहे. "सांगलीत बर्फ पडत नाही म्हणून आमची पोरगी मागं" असं मला कुणी म्हटलं की मी त्यांना मनिला दाखवते. बर्फ मनिलातही पडत नाही, त्यांनी रिंक बांधला एवढंच.

तरीही खरं ते सांगते. लडाखची मुलगी वर्षाला दोन-तीन महिने बर्फावर असते, तुमची लेक फार तर पंधरा-वीस दिवस असेल. ही तूट भरून काढायची तर उरलेले अकरा महिने चाकांवरच काढायचे आहेत, आणि इथंच माझा धंदा सुरू होतो, म्हणून जरा लांबण लावते.

स्पीड स्केटिंग करणाऱ्या पोरीत तीन खोडी असतात. तुमच्या लेकीतही असणार, न बघता सांगते.

पहिली खोड, ती फक्त डावीकडं वळते. स्पीडच्या शर्यती घड्याळाच्या उलट दिशेनं होतात, त्यामुळं सहा वर्षं तिनं उजवा पाय डाव्यावरून टाकत डावं वळण घेतलंय. ते झोपेतही घेईल. उजवीकडं वळायला सांगा, लगेच पाय अडखळतात, खांदा वर येतो, नजर खाली जाते. हॉकीत पक, म्हणजे चेंडूऐवजी वापरतात ती चपटी चकती, कुठंही जातो. समोरच्या मुलीला एकदा कळलं की ही उजवीकडं कच्ची आहे, की ती दर वेळी तुम्हाला उजवीकडंच ढकलणार. माझ्याकडं येणाऱ्या स्पीडच्या मुलांना पहिले दोन महिने मी फक्त उजव्या हाताची वर्तुळं मारायला लावते. पोरं कंटाळतात. पालक तर पोरांपेक्षा जास्त कंटाळतात, "मॅडम, पुढचं कधी शिकवणार?" हेच पुढचं.

दुसरी खोड थांबण्याची. चाकांवर मुलं मागचा पाय आडवा घासत थांबतात, टी-स्टॉप म्हणतात तो. हॉकीत तसं थांबायला वेळच नसतो. पूर्ण वेगात असताना गुडघे वाकवायचे, कंबर झटक्यात फिरवायची आणि दोन्ही ब्लेड प्रवासाच्या दिशेला आडवी लावून बर्फ खरवडत जागच्या जागी उभं राहायचं. हॉकीच्या स्केटचं ब्लेड जाडीला जेमतेम तीन मिलिमीटर असतं आणि खालून त्याला पन्हाळीसारखी खाच पाडलेली असते, त्यामुळं त्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा असतात. आडवं होताना पुढच्या पायाची आतली धार आणि मागच्या पायाची बाहेरची धार बर्फात बसते. वजन जरा मागं राहिलं की पोरगी उताणी.

माझी एक विद्यार्थिनी, वानलेसवाडीची, चाकांवर वाऱ्यासारखी पळायची. लेहला पहिल्या सकाळी बर्फावर उतरली, चार ढांगा मारल्या आणि मग तिच्या लक्षात आलं की आपल्याला थांबताच येत नाही. सरळ जाऊन फळकुटाला धडकली. उठली, परत धडकली. तासाभरात अकरा वेळा. मी मोजत होते, कारण दुसरं काही करता येत नव्हतं, बोटं हातमोज्यातसुद्धा बधिर झालेली. चौथ्या दिवशी दुपारी अचानक खर्रकन आवाज आला आणि तिच्या ब्लेडपुढं खवलेल्या नारळासारखा पांढरा बर्फ उडाला. ती थांबली होती. डाव्या अंगानं. उजव्या अंगानं थांबायला तिला पुढचा हिवाळा लागला.

यावर चाकांवर उपाय आहे, अर्धामुर्धा. गुळगुळीत फरशीवर, जुन्या झिजलेल्या कडक चाकांवर घसरत थांबायची सवय लावता येते. नवीन चाकं त्यात खराब होतात, म्हणून जुनी टाकू नका, जपून ठेवा.

तिसरी खोड नजरेची. स्पीडमध्ये पुढचीच्या पाठीकडं बघून पळतात. इथं मान सतत फिरती हवी, आणि उलटं, म्हणजे पाठमोरं, तितक्याच वेगानं जाता आलं पाहिजे.

स्टिकबद्दल एक गोष्ट बहुतेक पालकांना माहीत नसते. आपल्या मैदानी हॉकीत सगळे एकाच हाताचे, डावा हात वर, उजवा खाली, कारण तिथं स्टिकची एकच बाजू वापरता येते. आइस हॉकीत तसं नाही. डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही प्रकारच्या स्टिक मिळतात. तेव्हा घाईनं महागडी स्टिक घेऊ नका. आधी घरातला झाडू तिच्या हातात द्या आणि अंगण लोटायला सांगा. दहापैकी नऊ वेळा जो हात खाली जातो तोच तिचा खालचा हात. पक कडक रबराचा, १५६ ते १७० ग्रॅमचा, आणि सामन्याआधी तो गोठवतात, उसळू नये म्हणून. घरी सरावाला सुताराकडून सनमायकाचा मोठा तुकडा आणा, अंगणात टाका आणि त्यावर रोज वीस मिनिटं पक डावी-उजवीकडं खेळवायला लावा. बर्फाच्या घसरणीच्या सगळ्यात जवळ जाणारी सांगलीतली वस्तू ती हीच. माझ्या अंगणातला तुकडा नऊ वर्षांचा आहे, पांढरा होता, आता काळा झालाय.

अंगावरचं सामान बरंच असतं: जाळीचं हेल्मेट, गळ्याचं संरक्षण, खांदे, कोपर, हातमोजे, हॉकीची पँट, नडगीची पॅडं, स्केट. मुलींना जाळी सक्तीची आहे. गळ्याच्या पट्ट्याला पोरं नाक मुरडतात, पण २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या एका सामन्यात ब्लेड लागून एक खेळाडू गेला, त्यानंतर आंतरराष्ट्रीय महासंघानंही आपल्या स्पर्धांत तो बंधनकारक केला. नवं सगळं घ्यायचं तर पन्नास हजारांच्या खाली बसत नाही, चांगलं घेतलं तर लाखाला जातं. पहिल्या दोन वर्षांत एवढा खर्च करू नका. शिबिरात किट भाड्यानं किंवा उसनं मिळतं. फक्त स्केट आणि हेल्मेट स्वतःचं असावं, कारण दोन्ही मापाला बसलं नाही तर खेळ बाजूला, इजाच होते. स्केट एक नंबर मोठा घेऊ नका, "पुढच्या वर्षी पण होईल" हा शाळेच्या बुटांचा हिशेब इथं चालत नाही. सैल स्केटमध्ये घोटा आत पडतो आणि मग तिला काहीही शिकवलं तरी वाया.

लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. मिरजेहून पुणे, पुण्याहून दिल्ली, दिल्लीहून विमान, आणि उतरल्यावर जिन्याच्या सहा पायऱ्या चढून धाप लागते. पहिले दोन दिवस नुसती विश्रांती, पाणी, गरम सूप. बर्फावर नाही म्हणजे नाही. पोरगी कितीही रडली तरी नाही. आणि निघायच्या महिनाभर आधी तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. या वयाच्या मुलींत ते बऱ्याचदा कमी असतं आणि उंचीवर ते लगेच अंगावर येतं. गुडघ्याच्या लिगामेंटचंही तसंच. मुलींना हा धोका मुलांपेक्षा जास्त, म्हणून बैठका आणि एका पायावरचे व्यायाम रोज हवेत. आपल्या भागातल्या कुस्तीच्या तालमीतल्या बैठका यासाठी सोन्यासारख्या आहेत, लाजू नका, घालू द्या तिला.

आता संघटनेचं. इथं मी जपून बोलते, पण बोलते. खेळ छोटा असला की त्यात खुर्च्या मोठ्या असतात. काही वर्षांपूर्वी माझ्या दोन मुलींच्या निवड चाचणीचं पत्र आम्हाला चाचणी झाल्यावर तीन दिवसांनी मिळालं. फोन केला तर "ईमेल टाकला होता" म्हणाले. ईमेल कुणाला टाकला ते शेवटपर्यंत कळलं नाही. तेव्हापासून मी ऑक्टोबर लागला की दर आठवड्याला स्वतः फोन करते, लोकांना माझा कंटाळा आलाय, येऊ दे. तुम्हीही तेच करा: यंदा राज्याचा मुलींचा संघ जाणार आहे का, कुठल्या वयोगटाचा, चाचणी कुठं, हे लेखी विचारा. आणि जी संघटना पैसे मागतेय ती राष्ट्रीय पातळीवर कुणाशी संलग्न आहे ते पावती फाडण्याआधी बघा. भारताची आइस हॉकी संघटना आंतरराष्ट्रीय महासंघाची सदस्य १९८९ पासून आहे. त्या साखळीत न बसणारं "नॅशनल" प्रमाणपत्र म्हणजे भिंतीवर लावायचा कागद.

प्रमाणपत्रावरून नोकरीचा विषय येतो, तो टाळत नाही, कारण मनात तुमच्या तोच असणार. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला वाढीव गुण आहेत. पण कुठला खेळ, कुठली स्पर्धा, कितवा क्रमांक, हे सगळं त्या वेळच्या शासन निर्णयात बघावं लागतं आणि प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. इतर खेळांत बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं झाली, त्यामुळं आता तपासणी कडक आहे आणि ते बरंच आहे. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन आइस हॉकीबद्दल स्पष्ट विचारा, लेखी उत्तर घ्या. चहाच्या टपरीवरच्या माहितीवर मुलीची चार वर्षं लावू नका.

डोक्यातून काढायला लावू का, या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: नका लावू, पण शाळाही सोडवू नका, आणि स्पीडही लगेच सोडवू नका. स्पीडमधला दम तिला हॉकीत लागणारच आहे. इथं खेळाडू आलटून पालटून बर्फावर उतरतात, प्रत्येक खेप पाऊण मिनिटाची, पण त्या पाऊण मिनिटात जीव काढायचा असतो. दहावीपर्यंत चाकांवर हॉकी, वर्षाला एक बर्फाचं शिबिर. दहावीनंतर राज्याच्या संघात जागा दिसते का ते बघू. भारताच्या जर्सीचं बोलणं त्याच्याही पुढं. सांगलीच्या गल्लीत वाढलेली स्मृती मानधना जगज्जेत्या संघात खेळली, साताऱ्याची आदिती स्वामी सतराव्या वर्षी तिरंदाजीत विश्वविजेती झाली, हे खरं आहे. पण क्रिकेटला मैदान आणि तिरंदाजीला अकादमी आपल्याकडं होती. तुमच्या लेकीला अजून रिंकच नाही. ती तुलना तिच्यावर लादू नका, पाहुण्यांनाही लादू देऊ नका.

या रविवारी सकाळी साडेसहाला तिला घेऊन या. तिचे स्पीडचे स्केट चालणार नाहीत, ती मोठी चाकं हॉकीत वळत नाहीत. छोट्या चाकांचा एक जुना जोड माझ्याकडं आहे, तिच्या बुटाचा नंबर आधी कळवा. मोजे पातळ घाला. आणि येताना घरातला झाडू तिच्या हातात एकदा देऊन बघा, कुठला हात खाली गेला ते मला सांगा.